परत आलेल्या पाकिटात दुसरंच काही निघालं तर

प्रश्न : मी नागपुरात महालातून साड्या आणि ड्रेस मटेरियल ऑनलाइन विकतो. तीन मार्केटप्लेसवर खाती आहेत, थोडा माल इन्स्टाग्रामवरून सीओडीने, म्हणजे माल पोचल्यावर पैसे या पद्धतीने, जातो. सणांचा सीझन संपला आणि रिटर्नचा ढीग लागला. काही साड्या नेसून परत आल्या, एकीचा ब्लाउज पीस कापलेला होता, आणि एका पाकिटात तर जुना टॉवेल निघाला. मार्केटप्लेसकडे भरपाईचा क्लेम टाकला, तो ‘पुरावा अपुरा’ म्हणून नाकारला गेला. अशा ग्राहकांना फोन करून जाब विचारावा का? पोलिसांत जावं का? सीओडी बंद करावी का? की धंद्याचा खर्च समजून सोडून द्यावं?

उत्तर :

भाऊ, टॉवेल निघाला ते एका अर्थी बरंच म्हणायचं. टॉवेल तुम्ही विकतच नाही, त्यामुळे तो तुमचा नाही हे कुणालाही पटवता येतं. खरा त्रास देते ती तुमच्याच डिझाइनची, तुमच्याच रंगाची, पण दोन धुण्यांतून गेलेली साडी. ग्राहक म्हणतो, मला हीच आली होती. तुम्ही म्हणता, ही आमची नाही. क्लेम तपासणारा माणूस दिवसभर असलेच क्लेम चाळत असतो. त्याच्यासमोर दोन फोटो असतात आणि दोन्हींत निळी साडी असते.

कोण खोटं बोलतंय हे तो ठरवायला बसलेला नाही आणि त्याला ते कळणारही नाही. गेला तोच पीस परत आला की नाही, हे समोरच्या पुराव्यात दिसतं का, एवढंच तो बघतो. म्हणून लबाड ग्राहक हुडकण्यात डोकं घालण्यापेक्षा आपला पीस आपल्याला आणि तिसऱ्या माणसाला ओळखता येईल अशी सोय करा. ती सोय पाकीट दुकानातून निघायच्या आधी झाली तर झाली, नंतर काही होत नाही.

आता तुमचा तो ढीग. तो एकाच प्रकारचा नसतो, आणि सगळं ‘रिटर्न’ या एका नावाखाली ढकललं की क्लेमही चुकीच्या खात्यात जातो. एक असतो आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन), म्हणजे ग्राहकाने पाकीट घेतलंच नाही, पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, आणि माल तसाच फिरून आला. दुसरा ग्राहकाचा रिटर्न, म्हणजे पाकीट उघडलं, बघितलं आणि परत केलं. आरटीओच्या पाकिटात दुसरी वस्तू निघाली तर ग्राहकाला शिव्या घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात ते पाकीट बहुतेक गेलंच नव्हतं. तो माल वाटेत बदलला गेला, किंवा तुमच्याकडूनच चुकीचा गेला होता. क्लेम टाकताना इथेच पहिली गफलत होते. कारण म्हणून ‘ग्राहकाने बदलला’ निवडायचं आणि ऑर्डरचं स्टेटस आरटीओ, मग तो क्लेम कोण मंजूर करणार?

हे ओळखायला पाकिटाकडेच नीट बघावं लागतं. आपण चिकटवलेली बॅग, आपली टेप, आपलं लेबल जसंच्या तसं असेल आणि आत भलतंच असेल, तर आधी आपल्या पॅकिंगच्या टेबलावर शोध घ्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत दोन पोरं पॅकिंग करत असतील तर दोन पाकिटांची लेबलं अदलाबदल होणं फार सोपं आहे, आणि अशा वेळी दोन ग्राहक एकदमच तक्रार करतात. बॅग कापून पुन्हा चिकटवलेली असेल, टेपवर टेप असेल, तर वाटेतला प्रश्न. ग्राहकाच्या रिटर्नमध्ये पिकअपवाला बहुतेक वेळा माल दुसऱ्याच बॅगेत टाकतो, तेव्हा बॅगेवरून काही कळत नाही. तिथे वस्तूच बोलते. ग्राहकाने दाराशी बरोबर साडी दिली आणि ती पुढे कुठेतरी बदलली गेली, असंही होतं. म्हणून मी माझ्या क्लेममध्ये ‘ग्राहक चोर आहे’ असं कधीच लिहीत नाही. लिहिते ते इतकंच की गेला तो पीस हा नव्हे.

साडी बोलते कशी, ते सांगते. लिस्टिंगवर आपण ६.३ मीटर लिहितो, म्हणजे साडेपाच मीटर साडी आणि ८० सेंटीमीटर ब्लाउज पीस. रिटर्न आला की पहिलं काम मीटरपट्टी. साडेपाचच भरली तर ब्लाउज पीस कापून साडी परत आलीय. त्यासाठी घडी उलगडायचा कंटाळा करू नका, वरून साडी अगदी कोरी दिसते. कापलेली कडा बघा. गिरणीतून किंवा मागावरून आलेल्या टोकाला काठ सरळ संपतो, कात्रीची कडा थोडी तरी वाकडी जाते आणि धागे सुटतात. पुढे खालची किनार बघा. फॉल लावून काढला असेल तर काठाच्या जरा वर टाक्यांच्या भोकांची बारीक रांग दिसते, उजेडासमोर धरली की हमखास. पिको केलेली कडा तर लपतच नाही. नंतर पदर. खांद्यावर जिथे सेफ्टी पिन लागते तिथे दोन भोकं, आणि निऱ्यांच्या जागी आडव्या चुण्या. इस्त्रीने चुण्या जातात, पिनेची भोकं जात नाहीत. शेवटी नाक. अत्तर, डिओ, धुपाचा वास, घाम. वासाचा फोटो निघत नाही, त्यामुळे क्लेममध्ये त्याचा उपयोग नाही, पण कुठल्या साडीकडे बारकाईने बघायचं ते त्यावरून कळतं.

विदर्भात तर तारखांवरूनही कळतं. महालक्ष्म्या उठल्या की भारी काठाच्या साड्या परत येऊ लागतात. देवीला नेसवताना पिना मोप लागतात, त्यामुळे भोकं एका जागी न राहता सगळ्या साडीभर असतात, आणि कुठेतरी कुंकवाचा ठिपका. संक्रांतीच्या काळ्या साड्यांचंही तेच. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात खपतात आणि हळदीकुंकवं झाली, फोटो निघाले, की परत. यात हिशेबी लबाडी किती आणि ‘चालतं ना, ऑनलाइनवाल्यांचं काय जातं’ हा समज किती, हे सांगणं कठीण. माझ्या मते दुसराच जास्त. मोठ्या मॉलमधून घेतलं असं समजून बाई साडी परत करते, मागे महालात एक माणूस उधारीवर माल भरून बसलाय हे तिच्या गावीही नसतं. म्हणून अशांवर चिडण्यात मी वेळ घालवत नाही, त्यांना नेसताच येऊ नये असा बंदोबस्त करते.

बंदोबस्त म्हणजे टॅग. पण टॅग घडीच्या आत, ब्लाउज पीसच्या कोपऱ्यात लावाल तर बाई तो न काढता साडी नेसेल आणि टॅगसकट परत करेल. टॅग पदराच्या दर्शनी भागावर लावा, फोटोत दिसेल इतका मोठा, एकदा तोडला की पुन्हा जोडता न येणाऱ्या प्लास्टिकच्या लूपचा. त्यावर स्वच्छ छापा, ‘टॅग काढल्यास साडी परत घेतली जाणार नाही’. कपड्यांच्या रिटर्नला मूळ टॅग शाबूत असावा ही अट बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमांत आधीपासून असते, त्यामुळे तुम्ही काही नवीन लादत नाही. नेहमीच्या गोलमालाला एवढ्याने बराच आळा बसतो.

टॅगवर अनुक्रमांक टाका. तुमच्या एसकेयूचा, म्हणजे कॅटलॉगमधल्या त्या प्रकाराचा, कोड पुरत नाही, तो त्या डिझाइनच्या शंभर साड्यांवर सारखाच असतो. प्रत्येक पीसला वेगळा नंबर हवा आणि तो नंबर कुठल्या ऑर्डरला गेला हे वहीत किंवा एक्सेलमध्ये पाकीट बंद करतानाच लिहिलेलं हवं. इअरफोन किंवा मिक्सर विकणाऱ्यांना कंपनीचा सीरियल नंबर आयता मिळतो, साडीवाल्याला तो स्वतः तयार करावा लागतो. लूप तोडून दुसऱ्या साडीला टॅग बांधणारे महाभाग असतात, म्हणून भारी साडीला मी आणखी एक करते : ब्लाउज पीसच्या आतल्या कडेला अल्ट्राव्हायोलेट पेनाने तोच नंबर. उजेडात दिसत नाही, नोटा तपासायच्या छोट्या दिव्याखाली दिसतो. पेन कापडावर आधी तुकड्याला लावून बघा, काही रंगांवर डाग राहतो. आणि हे सगळं तीनशे-चारशेच्या सिंथेटिक साडीला करत बसू नका. तिथे टॅगची मेहनत साडीच्या नफ्याला पुरत नाही. टॅगचा खर्च कुठल्या किमतीपासून परवडतो ते तुमच्या मालावर एकदा बसून काढा आणि त्या रेषेच्या वरच लावा.

व्हिडिओ मात्र सगळ्यांचा. त्याला वेळ लागतो असं सगळे म्हणतात, पण मोबाईल हातात धरला तर वेळ लागतो. पॅकिंगच्या टेबलावर वरून खाली बघणारा स्टँड बसवा, जुना फोन त्यात अडकवा आणि सुरू ठेवा. पॅकिंग करणाऱ्याला फक्त क्रम शिकवायचा. आधी लेबल कॅमेऱ्यासमोर, एडब्ल्यूबी (पाकिटाचा कुरिअर) नंबर वाचता येईल इतक्या अंतरावर. मग साडी उलगडून पदर, काठ, टॅगचा नंबर. मग घडी, बॅग, सील आणि लेबल. शेवटी बंद पाकीट काट्यावर, आकडा दिसेल असं. या सगळ्यात साडी एकदाही चौकटीच्या बाहेर जाता कामा नये. मधे फोन आला म्हणून शूटिंग थांबलं तर ते पाकीट पुन्हा उघडून पहिल्यापासून.

वजनाचं थोडं सांगते, कारण ते फार जण विसरतात. कुरिअरवाला पैसे स्लॅबने लावतो, अर्ध्या किलोच्या आतलं सगळं एकच. म्हणून चारशे ग्रॅमची साडी गेली आणि अडीचशे ग्रॅमचं फडकं आलं तरी त्याच्या बिलात फरक दिसत नाही. तुमच्या काट्याचा व्हिडिओतला आकडा जाताना आणि येताना असे दोन्ही वेळा असेल, तर फरक एका नजरेत दिसतो. सुरत किंवा इचलकरंजीच्या एकाच लॉटच्या साड्यांचं वजन जवळपास सारखं भरतं, त्यामुळे एखादं पाकीट उघडायच्या आधीच ‘ताई, हे आपलं नाही वाटून राहिलं’ असं माझ्याकडचा मुलगा हातात घेऊनच सांगतो.

रिटर्न उघडतानाही तेच टेबल, तोच कॅमेरा. पाकिटाच्या सगळ्या बाजू आणि सील आधी दाखवायचं, रिटर्नचं लेबल वाचता येईल असं धरायचं, मग कापायचं. सगळे रिटर्न आले त्याच दिवशी उघडा. क्लेमची मुदत मोजकीच असते, ती माल तुम्हाला पोचल्याच्या नोंदीपासून धावते, आणि नियम वारंवार बदलतात, म्हणून मार्केटप्लेसच्या सेलर पॅनलवरचं नियमांचं पान महिन्यातून एकदा तरी वाचा. सणाच्या गर्दीत रिटर्नची पोती कोपऱ्यात रचून ठेवणं आणि ‘सीझन संपला की बघू’ म्हणणं, यात जितका पैसा बुडतो तितका लबाड ग्राहकांमुळे बुडत नाही. हे मी इतवारी, गांधीबागेतल्या कितीतरी दुकानांत बघितलंय.

आता ओटीपी. वाडीच्या बाजूच्या हबवरून गाडी येते, पोरगा घाईत असतो, तीस-चाळीस पाकिटांचा गठ्ठा दारात टाकतो आणि म्हणतो, ‘ओटीपी सांगा ना ताई, बाकीचा माल पडून राहिला, लेट होऊन राहिलं.’ पोरगा वाईट नसतो, त्याच्यावरही वेळेचं ओझं असतं. त्याला पाणी द्या, हवं तर चहा द्या, पण पाकिटं मोजल्याशिवाय ओटीपी देऊ नका. ओटीपी दिला म्हणजे ‘यादीतला सगळा माल मिळाला’ यावर सही झाली. त्याच्या फोनवरची यादी मागा, एडब्ल्यूबी नंबर जुळवा, जे पाकीट नाही ते यादीतून काढायला लावा. फाटलेलं, पुन्हा चिकटवलेलं पाकीट दिसलं तर तिथल्या तिथे त्याचा फोटो आणि पोचपावतीवर तसा शेरा. शेरा लिहायला नकार दिला तर ते पाकीट घेऊ नका. ‘रिटर्न डिलिव्हर्ड’ असं दाखवणारी पण प्रत्यक्षात कधी न आलेली पाकिटं हा वेगळाच तोटा आहे आणि तो फक्त इथेच अडवता येतो.

क्लेमची नावं वेगवेगळी आहेत. ॲमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ म्हणजे सेलर प्रोटेक्शन फंड, मीशोवर रिटर्नच्या ऑर्डरवरून टाकायचा क्लेम. लिहायची पद्धत सगळीकडे एकच चालते : थोडकं, थंड, आणि दाखवता येईल तेवढंच. ‘पाठवलेला पीस टॅग क्रमांक अमुक, पॅकिंग व्हिडिओ सेकंद बारा. परत आलेल्या पिसावर टॅग नाही, लांबी साडेपाच मीटर, ब्लाउज पीस कापलेला, अनबॉक्सिंग व्हिडिओ सेकंद चाळीस. जातानाचं वजन इतकं, येतानाचं इतकं.’ झालं. ‘आम्ही गरीब विक्रेते, ग्राहक आम्हाला लुटतात’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फोटो तीन पुरे : लेबल, गेलेला पीस, आलेला पीस, शेवटचे दोन एकाच कोनातून. वीस फोटो टाकले की नेमका हवा तो फोटो त्यात हरवतो. नाकारलं तर अपील एकदा करा, तेही हातात काही नवीन असेल तरच. तीच फाइल पुन्हा पाठवली की उत्तरही तेच येतं.

एक कटू गोष्ट. ढिगातले बरेचसे रिटर्न लबाड नसतात, आणि काही आपणच ओढवून घेतलेले असतात. पिवळ्या बल्बखाली काढलेला फोटो, त्यामुळे मोरपंखी रंग हिरवा दिसणं. ‘सिल्क साडी’ असं शीर्षक आणि आत पॉलिस्टर. ‘आर्ट सिल्क’ लिहायला लाज वाटत असेल तर वाटू द्या, पण लिहा. खऱ्या रेशमाला सिल्क मार्कचं लेबल मिळतं आणि गिऱ्हाइकाला आता ते माहीत असतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराचा मुद्दा दिवाळीत फार लागू पडतो. लक्ष्मीपूजन झाल्यावर पोचलेली साडी परत आली तर त्या बाईच्या नावाने बोटं मोडायचा आपल्याला हक्क नाही.

एसकेयूनुसार रिटर्नचा तक्ता मांडा, म्हणजे हे वेगळं दिसतं. एकच साडी वेगवेगळ्या गावांतून ‘फोटोपेक्षा वेगळी’ म्हणून परत येत असेल तर दोष लिस्टिंगचा. सगळ्या साड्या एकाच पिनकोडवरून, एकाच इमारतीतून वेगवेगळ्या नावांनी परत येत असतील तर तिथे पाणी मुरतंय.

मीशोवर ग्राहकाला दोन किमती दाखवायची सोय आहे, कुठल्याही कारणाने परत करता येईल अशी एक, आणि फक्त चुकीचा किंवा सदोष माल परत करता येईल अशी थोडी कमी. संक्रांतीच्या काळ्या साडीला ही दुसरी किंमत वापरून बघा. यात एक ग्यानबाची मेख आहे. ज्याला परत करायचीच आहे तो आता कारण ‘सदोष’ असं टाकतो. म्हणजे रिटर्न कमी होतात, पण उरलेल्यांत खोट्यांचं प्रमाण वाढतं आणि सदोष मालाचा शिक्का तुमच्या खात्यावर बसतो. म्हणून हा पर्याय फक्त अशा मालाला, ज्याचा पॅकिंगचा व्हिडिओ प्रत्येक इंच दाखवतो.

फोन करून जाब विचारायचा का? करू नका. प्लॅटफॉर्मवरच्या ग्राहकाला परस्पर गाठणं त्यांच्या नियमांत बसत नाही, तुम्ही तावातावाने बोललात आणि तिकडून रेकॉर्डिंग गेलं तर खातं तुमचंच बंद होईल. त्याहून वाईट म्हणजे ते व्हॉट्सॲपवरचे ‘फ्रॉड कस्टमर’ ग्रुप. त्यात लोक ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, कधी घराचा फोटोसुद्धा फिरवतात. ऑर्डर पोचवायला मिळालेली माहिती अशी वाटणं हा विश्वासघात आहे, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ नेमका अशाच वापराला लगाम घालायला आलाय, आणि आरोप सिद्ध झाला नाही तर बदनामीचं प्रकरण उलटतं. माल बदलणारा कुरिअरचा माणूस असेल तर त्या बिचाऱ्या बाईचं नाव तुम्ही गावभर केलं ते केलंच. तुमच्या स्वतःच्या वहीत पिनकोड आणि ऑर्डर नंबर ठेवा, त्याने काम भागतं.

पोलिसांचं म्हणाल तर सहाशे-सातशेच्या एका साडीसाठी ठाण्यात चकरा मारून हाती काही लागणार नाही. पण एकाच पत्त्यावरून वारंवार, किंवा एकदम मोठ्या किमतीचा माल बदलला गेला असेल तर लेखी तक्रार जरूर द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणुकीचं कलम ३१८. तेव्हा व्हिडिओची मूळ फाइल लागते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल दाबली जाते, तिची तारीखही बदलते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना वकील करून देतो. तुमच्या इन्स्टाग्रामवर एखादी ‘ग्राहक’ पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवून माल उचलते, किंवा रिफंडच्या नावाखाली तुमच्याकडूनच यूपीआयने पैसे काढून घेते, तो सरळ सायबर गुन्हा. तिथे पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा, जितका उशीर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. आणि पैसे आले का हे स्क्रीनशॉटवर नाही, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, हे पॅकिंगच्या पोरांनाही शिकवा.

सीओडी मार्केटप्लेसवर बंद करणं आपल्या हातात फारसं नसतं आणि करूही नये. आपल्याकडे, त्यातही भंडारा-गोंदिया, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत, सीओडीशिवाय पहिली ऑर्डर येतच नाही. इन्स्टाग्रामवर मात्र राज्य तुमचं आहे. तिथे शंभर-दीडशे रुपये आगाऊ घ्या, बाकी दारात. ज्याला साडी खरंच हवी त्याला शंभर रुपये जड जात नाहीत, गंमत म्हणून ऑर्डर टाकणारा तिथेच गळतो. पाठवायच्या आधी व्हॉट्सॲपवर पूर्ण पत्ता आणि साडीचा फोटो पाठवून ‘हो, हीच’ असं उत्तर घ्या. परताव्याची अट बिलावर आणि प्रोफाइलवर दोन्हीकडे लिहा, आणि ती वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांना धरून असू द्या. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ असं ठोकून दिलं म्हणून सदोष साडीची जबाबदारी टळत नाही.

राहिला परत आलेला माल. त्याचे तीन ढीग करा. टॅग शाबूत, घडी मोडलेली नाही, तो पुन्हा विक्रीला. डाग किंवा भोक असलेला तो सेकंड, गांधीबागेत लॉट घेणारे असतात, पडेल भावात उचलतात. तिसरा टाकाऊ. मधल्या ढिगातली साडी इस्त्री करून पहिल्या ढिगात सरकवायचा मोह होतो, विशेषतः फक्त पिनेची दोनच भोकं असली की. ती साडी पुढच्या घरी जाते, ती बाई खरोखरच्या कारणाने परत करते, आणि तिच्यालेखी लबाड तुम्ही असता. त्या वेळी तुमचा व्हिडिओच तुमच्या विरोधात जातो.

हिशेबाचं एक, कारण सीएला सांगायचं बरेच जण विसरतात. समजा साडी ४२० ला घेतली, वर ५ टक्के जीएसटी २१ रुपये, त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून तेवढी वजावट, तुम्ही घेतलंत. तिच्या जागी टॉवेल आला आणि साडी तुम्ही बुडीत म्हणून खात्यातून काढली, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे ते २१ रुपयांचं क्रेडिट उलटवावं, म्हणजे परत भरावं लागतं. चोरीला गेलेल्या, हरवलेल्या, नष्ट झालेल्या मालाला हाच नियम. रिटर्नच्या क्रेडिट नोटा (आधीचं बिल कमी करणारे कागद) कलम ३४ खाली वेळेत दाखवा, आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न भरल्याची तारीख, जे आधी येईल ते, ही शेवटची हद्द. मार्केटप्लेस आपल्या पैशांतून जो टीसीएस (जीएसटीपोटी आधीच कापलेली रक्कम) कापतो, १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के, तो परतावे वजा जाता उरलेल्या विक्रीवर असतो. म्हणून तुमच्या रिटर्नची नोंद आणि त्यांची नोंद दर महिन्याला जुळवा. जुळवताना कधी कधी असा रिटर्न सापडतो ज्याचे पैसे ग्राहकाला गेले, माल मात्र तुमच्याकडे आलाच नाही. त्याचा क्लेम मुदतीत असेल तर तो सर्वांत सोपा क्लेम, कारण तिथे पोचपावती दाखवायची जबाबदारी समोरच्याची असते.

आता तुमचा टॉवेल. पॅकिंगचा व्हिडिओ नसेल तरी अजून मुदत असली तर अपील टाका. त्यात तीन गोष्टी जोडा : त्या दिवशीची मॅनिफेस्ट (कुरिअरला दिलेल्या पाकिटांची यादी), त्याच लॉटच्या दुसऱ्या साडीच्या पाकिटाचं काट्यावरचं वजन, आणि टॉवेलचं त्याच काट्यावरचं. तुमच्या कॅटलॉगमध्ये टॉवेल हा प्रकारच नाही, हे एका ओळीत लिहा. ऑर्डर आरटीओ होती की ग्राहकाचा रिटर्न, ते आधी तपासा आणि कारण त्याप्रमाणे बदला, क्लेम नाकारला गेला तो कदाचित तेवढ्यासाठीच. टॉवेल फेकू नका, रिटर्नच्या बॅगेसकट बांधून बाजूला ठेवा. अपिलात ती वस्तू तपासणीसाठी मागितली जाऊ शकते.